नऊ मिलिमीटर

२ एप्रिल

पट्टीमास्तर,

गेल्या जुलैत मी ते काळे बूट अर्ध्या किमतीत घेतले, आठवतंय? दुकानदार म्हणाला होता, एकच जोड उरलाय, अर्धा नंबर लहान आहे, पण चामडं आहे, सैल पडेल. तू शेजारी उभा होतास. म्हणालास, "दाजी, चामडं सैल पडेल, पण पुढची लोखंडी टोपी कशी पडेल?" मी हसण्यावारी नेलं. तर त्या बुटांची खरी किंमत आता कळली आहे, ती अशी: दुकानात मोजले ते पैसे, उजव्या पायातली एक नस, जी तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये सुजून बसली आहे, दोन इंजेक्शनं, सकाळचं फिरणं, जे बावीस वर्षांत मी आजारपणातसुद्धा चुकवलं नव्हतं, बरीचशी झोप, आणि तू. तुझा आकडा वेगळा लिहायला हवा होता, पण पावती एकच आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता माझ्याकडे नाही, तुझ्या ताईकडे आहे. ती म्हणाली, "लिहा. पाकिटावर पत्ता मी घालीन." मला पाहू देणार नाही म्हणते. नवऱ्यापासून भावाचा पत्ता लपवणारी बायको आमच्याच घरात निघावी!

पायाचं सांगतो. ऑगस्टपासून चवड्याखाली खडा असल्यासारखं वाटायचं. बूट काढून झटकायचो, काही पडायचं नाही. मोजा उलटा करायचो, त्यातही काही नाही. मग हळूहळू करंट बसायला लागला. करंट म्हणजे आपला तो, ओल्या हातानं पॅनेल उघडल्यावर बसतो तसा, पण पायातून निघून बोटांच्या टोकाला जाऊन विझणारा. चालताना मध्येच थांबायचं, कठड्याला धरून बूट काढायचा, बोटं चोळायची. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, म्हातारा दमला. मी अठ्ठावन्नचा आहे हे त्यांना कोण सांगणार?

मार्चमध्ये तुझ्या ताईनं धरून डॉक्टरकडे नेलं. पायाचीच डॉक्टर आहे, पोरगेलीशी. तिनं एका हातानं चवडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालून दाबलं. टक् झालं. पॅनेलमधला चिकटलेला रिले सुटताना करतो ना, तसं बारीक.

मी म्हटलं, "ऐकलंत?"

ती म्हणाली, "मला बोटाला जाणवलं. ऐकू नाही आलं."

"मला आलं."

"काका, तुम्ही काम काय करता?"

"लिफ्ट ऐकतो," मी म्हटलं.

हसली. मग म्हणाली, नसेभोवती गाठ आली आहे, अरुंद बुटानं आणि लोखंडी शिडीनं. रुंद पुढ्याचे बूट घाला, अनवाणी कडक फरशीवर चालायचं नाही, चवड्याच्या मागे ही नमद्याची, जाड लोकरी गादी लावा. जिने कमी करा. तीस वर्षं जो माणूस लिफ्ट दुरुस्त करायला जिन्यानं गेला, त्याला ही बाई सांगते जिने कमी करा.

बाकी सगळं ठीक. तुला अनुभवाचं पत्र हवंय असं ताईकडून कळलं. तेही सवडीनं करतो.

दाजी

७ एप्रिल

पट्टीमास्तर,

पहिलं पत्र तुला मिळालेलं नाही. ते इथंच आहे, डब्यांच्या फळीवर, साखरेच्या डब्याखाली. तुझ्या ताईनं वाचलं आणि म्हणाली, "चार पानं नुसता पाय. त्याला एक पान हवं होतं. अनुभवाचं. ते कुठाय?"

मी म्हटलं, "करतो की."

"मग ते झाल्यावर पाकीट बंद करू."

डिसेंबरपासून ती माझ्याशी असंच बोलते, कामापुरतं. 'अहो' गळालंय. परवा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दळण आणायचंय." भिंत काही गेली नाही, मी गेलो, लंगडत.

ती गादी लावणं सोपं नाही. दुखतं तिथं लावायची नसते, त्याच्या मागं लावायची. बोटभर पुढं सरकली तर तीच खड्यासारखी टोचते. सकाळी पलंगावर बसून पाऊण तास मी जागा शोधतो. लिफ्टच्या एका मॅग्नेटला इतका वेळ आयुष्यात लावला नाही. दुखतं ते थोडाच वेळ, माणूस दमतो तो दिवसभर त्याच्या तंत्रानं वागून. कुठे उभं राहायचं, कुठल्या पायानं पायरी चढायची, स्टूल आहे का, बूट काढला तर चालेल का. रात्री पांघरूणसुद्धा पायावर नको वाटतं. डॉक्टर म्हणाली, चालण्याऐवजी पोहा. गेलो. पाण्यात छान वाटतं, पण पाण्यापर्यंत जायला ओली, खरबरीत फरशी अनवाणी तुडवावी लागते. कपडे बदलायच्या खोलीपासून तलावापर्यंत अडतीस पावलं आहेत. अडतिसाव्याला मी जवळजवळ पाण्यात पडलोच. शेजारी शिकायला आलेली मुलं म्हणाली, "आजोबा, उडी मस्त."

कामाचं विचारशील तर जोरात आहे. तू गेल्यावर लोकांना वाटलं, आता हा एकटा काय करणार. चौदा इमारती आहेत अजून, सगळ्या जागच्या जागी. ही माणसं कंपनीची पाटी पाहून येत नाहीत, माझा कान आणि माझा पाय पाहून येतात. मी आहे तोवर एक हलणार नाही, लिहून घे. वरच्या कामाला रोजावर माणूस घेतो. तो बडबडतो फार, पण चालतं.

डिसेंबरच्या त्या प्रकाराबद्दल आता काय बोलायचं. सात मजली इमारतीच्या लिफ्टचे दोर नवे होते. नवे दोर ताणतात, गाडीची फरशीशी लेव्हल हलते. गणिताच्या बाई पडल्या, मनगट मोडलं, त्यांचं नशीब खराब, तुझंही. मी मीटिंगमध्ये कुणाला दोष दिला नाही, फक्त विचारलं त्याचं उत्तर दिलं. तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं.

अनुभवाचं पत्र लिहायला बसलो होतो. 'एकोणीस वर्षं माझ्याकडे काम केलं' इथपर्यंत आलो. पुढे 'काम सोडण्याचं कारण' असा रकाना असतो. तिथं अडलं.

दाजी

१२ एप्रिल

पट्टीमास्तर,

दुसरंही साखरेच्या डब्याखाली.

काल जेवताना तुझी ताई बोलली. चार महिन्यांत पहिल्यांदा सलग बोलली, म्हणून शब्दनशब्द लिहितो. म्हणाली, "माझा भाऊ गोदामात ट्रॉल्या ओढतो. एकोणीस वर्षं लिफ्टचं काम केलेला माणूस खोक्यांच्या ट्रॉल्या ओढतो. कारण तो जिथं जातो तिथं विचारतात, बाईला पाडलं तो तूच का. आता दहा मे रोजी त्या मोठ्या इस्पितळात मुलाखत आहे, लिफ्टच्या देखभालीला माणूस हवाय. अनुभवाचं पत्र नसेल तर आत घेणार नाहीत. आणि असलं पण कारण नीट नसेल, तर आत घेऊन बाहेर काढतील."

मी म्हटलं, "लिहितोय ना."

"दोर ताणले म्हणता. मला लिफ्टमधलं काही कळत नाही. पण तो आमच्या आईकडे राहिला तेव्हा दीड महिना रात्रीचा झोपला नव्हता, आणि तुम्ही पायामुळे झोपत नाही म्हणता. दोघंही न झोपणारे. मग झोपलं कोण, ते सांगा."

ताट उचलून गेली.

म्हणून आज नीट लिहितो. वेळ लागला तर लागला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण सात मजलीची लेव्हल लावायला गेलो. तू गाडीच्या छतावर, गाडी कुठे थांबायची ते ठरवणाऱ्या मॅग्नेटपाशी, मी दारात. बूट-मोजे काढून, टाच गाडीत, चवडा बाहेरच्या फरशीवर, डोळे मिटून. तीस वर्षं मी लेव्हल अशीच लावतो, आणि लोक बघायला थांबतात हे मला आवडायचं, हे तुला माहीत आहे.

मी म्हटलं, "बाहेरची फरशी वर आहे. गाडी उचल."

तू खाली उतरलास, पट्टी लावलीस. "दाजी, बरोबर आहे. शून्य."

"शून्य तुझ्या पट्टीला. मला खडा लागतोय."

"खडा लागत असेल तर फरशी झाडून घ्या."

तिथं सेक्रेटरी उभा होता, वॉचमन उभा होता. दोघं हसले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मीही हसलो असतो. पण मी म्हणालो, "तुझी पट्टी दुकानातली, माझा पाय जन्माचा. सांगतो तेवढं कर." तू केलंस. आठ दारं, तळापासून सातव्यापर्यंत. प्रत्येक दाराला पट्टी लावून तू मोठ्यानं आकडा म्हणत होतास, गाडी वर बसतेय, आठ, नऊ, नऊ. मी शीळ घालायला लागलो. ज्या माणसाला चौथ्या मजल्यावरून मशीनरूममधला सुटलेला बोल्ट ऐकू येतो, त्यानं तुझा आकडा ऐकू येऊ नये म्हणून शीळ घातली.

पहिल्या पत्रात डॉक्टरचं मी निम्मंच सांगितलं. टक् झाल्यावर तिनं मला अनवाणी उभं केलं. मी म्हटलं, "तुमची फरशी इथं उंच आहे बघा, उजव्या चवड्याखाली." तिनं मला बाजूला सरकवलं. "आता?" "इथंही." आणखी सरकवलं. "आता?" "इथंही." ती म्हणाली, "काका, फरशी सगळीकडे उंच कशी असेल? उंचवटा तुम्ही बरोबर घेऊन फिरताय."

त्या खोलीत माझ्या पायाखालून जे सरकलं ते मी तुला इतके दिवस सांगितलं नाही. चवडा उंच वाटतो म्हणजे बाहेरची फरशी वर वाटणार. फरशी वर वाटली की मी गाडी उचलणार. मी गाडी माझ्या गाठीएवढी उचलली होती.

आणि तेव्हा, मार्चमध्ये, कळलं असंही नाही. गणिताच्या बाई लिफ्टमध्ये शिरताना ठेचकाळल्या. शिरताना, म्हणजे गाडी वर होती. दोर ताणले तर गाडी खाली बसते, वर कशी जाईल? हे मला मीटिंगमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या समजलं होतं. सेक्रेटरीनं विचारलं, लेव्हल कोणी लावली. मी म्हणालो, "मॅग्नेट तोच लावतो." तीन शब्द. एकही खोटा नाही. तू माझ्याकडे पाहत राहिलास, मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून. मी वाकून पाय चोळायला लागलो.

हे लिहून ताईला देतो आणि बाहेर जाऊन बसतो.

दाजी

१८ एप्रिल

पट्टीमास्तर,

तिनं वाचलं. सकाळी उठून पाहतो तर साडी बदलून दारात उभी. "चला."

"कुठे?"

"मोजायला. अजून तसंच असेल तर आणखी कुणी पडेल."

मी म्हटलं, रोजावरच्या माणसाला बोलावतो. म्हणाली, "त्याच्यासमोर मोजाल? तुम्ही?" बाईला माणूस कळतो, हे मला लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं.

वाटेत हार्डवेअरच्या दुकानात थांबलो आणि स्टीलची मोजपट्टी विकत घेतली. दुकानदार म्हणाला, "तुम्हाला कशाला? तुमचा तर पाय आहे ना?" माझाच किस्सा मला विकत होता. त्यावर मी पाच रुपयेसुद्धा कमी करून मागितले नाहीत.

मी बटण दाबून गाडी एकेका मजल्याला थांबवायचो, दार उघडं धरायचो. तुझी ताई बाहेर फरशीवर उकिडवी बसून पट्टी लावायची. चष्मा कपाळावर, कारण जवळचं तिला चष्म्याशिवायच दिसतं. एकानं गाडीतून वर जायचं आणि एकानं बाहेरून जिन्यानं, हे तिनंच ठरवलं. मी गाडीत, ती जिन्यानं. "तुम्ही जिना चढायचा नाही," म्हणाली. मला म्हणाली, भिंतीला नाही.

"तळ, आठ."

"आठ का नऊ? नीट बघ."

"आठ म्हटलं ना. नऊची रेघ मला दिसते."

"पहिला?"

"नऊ."

दुसऱ्या मजल्यावर तिनं पट्टी दोनदा लावून पाहिली. मग म्हणाली, "शून्य."

मी पुढच्या मजल्याच्या बटणाकडे हात नेला.

"शून्य कसं? बाई तर इथंच पडल्या."

"पुढचा घेऊ."

"थांबा. सगळीकडे चुकलं आणि जिथं बाई पडल्या तिथंच बरोबर? कसं?"

हे मी बाराच्या पत्रातही लिहिलं नव्हतं. तुला ते माहीत नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसं कामावर गेल्यावर, मी एकटा गाडीवर चढलो आणि दुसऱ्या मजल्याचं मॅग्नेट डोळ्यांनी बघून खाली घेतलं. बाकी सात दारं तशीच ठेवली. सगळी उतरवली असती तर सगळी चुकलेली होती हे दिसलं असतं, आणि आठही दारं चुकली म्हणजे मॅग्नेट लावणाऱ्याचा हात घसरला असं कुणी म्हटलं नसतं, सांगणाराच चुकला म्हटलं असतं. माझं डोकं अशा वेळी फार चांगलं चालतं.

तिला सांगितलं. दाराचा सेन्सर मध्ये हात आहे म्हणून सारखा पिंपिं करत होता. तिनं पट्टी फरशीवर ठेवली. म्हणाली, "चार महिने या इमारतीतली लेकरं, म्हातारी माणसं नऊ मिलिमीटरवरून चढतायत. माझ्या भावाची मान वाकलेली राहावी म्हणून."

"हो."

"तिसरा घ्या."

तिसरा नऊ, चौथा आठ, पाचवा नऊ, सहावा नऊ, सातवा आठ. तिनं भाजीच्या यादीच्या मागं लिहून घेतलं. दुपारी रोजावरच्या माणसाला बोलावून सगळी दारं शून्यावर आणली. पट्टी माझ्या हातात पाहून त्याची बडबड पहिल्यांदा थांबली. त्याच हिवाळ्यात मी आणखी दोन इमारतींच्या लेव्हल लावल्या होत्या, त्याही दुसऱ्या दिवशी मोजल्या. एक सहा, एक पाच. तिथं कुणी पडलं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी पाय बर्फाच्या पाण्यात ठेवून बसलो होतो. ती आली, बादलीत पाहिलं, आणखी बर्फ टाकला आणि गेली. हे प्रेम नव्हे हं, गैरसमज नको. जरा जास्तच टाकला होता.

दाजी

२३ एप्रिल

पट्टीमास्तर,

काल सात मजलीची मीटिंग बोलवायला लावली. सेक्रेटरीला वाटलं, मी दर वाढवून मागणार. चहा सांगितला नव्हता.

मी भाजीच्या यादीचा कागद वाचून दाखवला. आकडे आधी वाचले, मग म्हटलं, हे माझ्या पायामुळे. माझ्या माणसानं पट्टी लावून आकडे सांगितले होते. मी ऐकले नाहीत. बाई पडल्यावर मी त्याचं नाव पुढे केलं आणि दुसऱ्या मजल्याचं मॅग्नेट गुपचूप बदललं. बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं होतं, फार वेळ लागेल.

वॉचमन दारात उभा होता. तो म्हणाला, "खड्याचं बोलला होता ना तो, झाडून घ्या म्हणून. मला आठवतंय." सेक्रेटरीनं त्याला गप्प केलं. मग मला म्हणाला, "हे आता कशाला सांगता? मिटलं होतं की."

गणिताच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. मनगट अजून पूर्ण वळत नाही त्यांचं, पिशवी डाव्या हातात होती. त्या म्हणाल्या, "मिटलं कसं? मला अजून खडू धरता येत नाही. शिकवण्या बंद आहेत माझ्या." मग मला विचारलं, "किती?"

"नऊ मिलिमीटर, बाई."

"आणि पायात किती महिने वाटत होतं?"

"तेव्हा चार."

"म्हणजे वजन खोटं आहे हे चार महिने दिसत असताना त्याच वजनानं तोलत होतात." मी मान खाली घातली. मला वाटलं संपलं. पण त्या थांबल्या नाहीत. "मनगटाचं मी तुम्हाला माफ करू शकते, हाड आहे, भरून येतं. पण त्या दिवशी तुम्ही त्याचं नाव घेतलंत तेव्हा मीही मान डोलावली होती. त्याला म्हटलं होतं, तुमच्यासारख्यांच्या हातात माणसं देऊ नयेत. तो मला सॉरी म्हणून गेला. त्याचं मी काय करू?"

मी म्हटलं, "मी त्याला कळवतो."

"तुम्ही नको. त्याचा पत्ता द्या."

मी म्हटलं, "माझ्याकडे नाही." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मागे तुझी ताई बसली होती. तिनं उठून बाईंना पत्ता लिहून दिला. मी बघत होतो, पण लांबून वाचता आला नाही. त्यामुळे बाईंचं पत्र तुला माझ्या आधी मिळालं असेल तर आश्चर्य नको.

बाहेर पडताना जिन्याशी आलो. सवयीनं पाय जिन्याकडे वळला. ताई म्हणाली, "लिफ्ट आहे ना?" लिफ्टनं खाली आलो. गाडी अगदी शून्यावर बसली. मला चवड्याखाली खडा लागलाच.

दाजी

२८ एप्रिल

पट्टीमास्तर,

सोबत अनुभवाचं पत्र. नावाच्या जागी तुझं पूर्ण नाव आहे, टोपणनाव नाही. ताईनं तीनदा तपासलं. मजकूर असा आहे:

'यांनी माझ्याकडे एकोणीस वर्षं लिफ्ट बसवणे, दुरुस्ती व देखभाल ही कामं केली. लेव्हल लावताना ते नेहमी मोजपट्टी वापरत. गेल्या डिसेंबरात एका इमारतीत माझ्या चुकीच्या सूचनेमुळे अपघात झाला. यांनी मोजून चूक दाखवली होती, मी ऐकलं नाही, आणि अपघाताचा दोष यांच्यावर जाऊ दिला. काम सोडण्याचं कारण: मी.'

तो शेवटचा रकाना भरायला मला सव्वीस दिवस लागले. इस्पितळवाल्यांना हे विचित्र वाटेल, पण ताई म्हणते, विचित्र वाटलं तर फोन करतील, आणि फोन केला तर तुम्ही बोलाल. बोलेन. याच पत्राची एकेक प्रत मी चौदाही इमारतींच्या सेक्रेटरींना नेऊन दिली, कारण तुझं नावही चौदा ठिकाणी गेलं होतं. पोस्टानं नाही, हातोहात. जिथं लिफ्ट नीट होती तिथं लिफ्टनं गेलो. जिथं नव्हती तिथं आधी ती नीट केली, मग गेलो.

पायाचं म्हणशील तर गादीची जागा आता दहा मिनिटांत सापडते. बूट इतके रुंद घेतलेत की बदक चालल्यासारखं दिसतं. सकाळी फिरायला जात नाही. खिडकीत बसतो आणि रोज जी माणसं बरोबर असायची ती चालत जाताना बघतो. ती हात करतात, मी करतो. पोहणं चालू आहे, तलावापर्यंत रबरी चपला घालून. जूनमध्ये डॉक्टर नस काढायची का ते ठरवेल. काढली तर दुखायचं थांबेल आणि त्या दोन बोटांच्या मध्ये पुन्हा काही कळणार नाही. मी विचारलं, "काहीच नाही?" म्हणाली, "काहीच नाही." मी म्हटलं, "विचार करतो." खरं म्हणजे विचार करायला आता फार दमलोय. ती सांगेल ते करीन.

तू परत ये असं मी लिहिणार नाही. इस्पितळात जा. पगार महिन्याच्या महिन्याला मिळेल, आणि तिथं कुणी डोळे मिटून लेव्हल लावत नाही. कधी ताईला भेटायला आलास तर मी घरी असेन किंवा नसेन, जसं तुला बरं वाटेल तसं तिच्याकडून कळव.

सगळी पत्रं या एकाच पाकिटात आहेत. ताईनं साखरेच्या डब्याखालून काढून तारखेनं लावली. म्हणाली, "आता जाऊ दे." पाकिटावर पत्ता घालताना या वेळी तिनं हात आडवा धरला नाही. पण मी पाहिलं नाही.

आणि इमारतींचं. सातच्या पत्रात मी लिहिलं होतं की एक हलणार नाही. चौदापैकी सहांनी काम काढून घेतलं. त्यातल्या चौघांनी जाताना विचारलं, तो पट्टी लावणारा माणूस आता कुठे असतो. तुझा नंबर माझ्याकडे चालत नाही, म्हणून ताईचा दिला.

दाजी